कांद्याचा पाव आणि झाकलेले भांडे

गेल्या उन्हाळ्यात मी घरी कांद्याचे पाव भाजले. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "का वं, हे तं भाकरीवर कांदा ठेवल्यावानीच दिसते!" दिसण्यापुरते ते खरेच होते. पण हा पाव फार दूरचा आहे, आणि त्याची हकीकत मंडळाच्या भगिनींना सांगावी असे वाटले.

पोलंडच्या ईशान्येस बियालिस्टॉक नावाचे कापडगिरण्यांचे शहर आहे. १८९७ च्या शिरगणतीत तेथील निम्म्याहून अधिक वस्ती यहुदी लोकांची होती. हा पाव त्यांचा. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच सामान; तेल-तूप नाही, अंडे नाही. गोळा फुगला की मध्ये अंगठ्याने खळगा करावयाचा, त्यात बारीक चिरलेला कांदा व चिमूटभर खसखस घालावयाची आणि कडक भट्टीत भाजावयाचा. २७ जून १९४१ रोजी जर्मन सैन्य शहरात शिरले. त्यांनी मोठ्या प्रार्थनामंदिरात शेकडो माणसे कोंडून ते पेटवून दिले. उरलेल्यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये बंड केले, तेही चिरडले गेले. पाव तेवढा वाचला, कारण आधीच अमेरिकेस गेलेल्या गावकऱ्यांनी तो न्यूयॉर्कमध्ये चालू ठेवला होता. तेथे गावाच्या नावावरूनच त्याला 'बियाली' म्हणतात.

हे ऐकून एका भगिनीने विचारले, "यहुदी तर आपल्या कोकणातही होते ना? मग त्यांच्याकडे हा पाव कसा नाही?"

प्रश्न रास्त आहे. कोकणातले ते बेने इस्राएल, मराठी बोलणारे. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावला लागले, असे परंपरा सांगते. किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे ते दिवेकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरी भट्टी नव्हती, चूल होती. आणि चुलीवर तांदळाची भाकरी. पाव पुढे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि गोव्याकडे तो ताडी घालून फुगवीत. तेव्हा यीस्टचा पाव हे त्यांच्या घरचे जुने अन्न नव्हेच.

पण ह्या लोकांची खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांच्यापाशी धर्मग्रंथ राहिले नव्हते, हिब्रू भाषा राहिली नव्हती. एक 'शेमा' ही प्रार्थना तेवढी मुखोद्गत होती. सण मात्र टिकले, आणि ते स्वयंपाकघराच्या नावांनी: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. बिरडे म्हणजे वालाचे, हे कोकणातल्या सुनांना सांगावयास नको. त्यांतच एक सण होता आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा. मिसरातून निघताना पीठ फुगण्याइतकाही वेळ मिळाला नाही, म्हणून यहुदी त्या दिवसांत आंबवलेले काही खात नाहीत. कोकणातल्या बायकांना हे कारण माहीत नव्हते. भांडे झाकावयाचे एवढे माहीत होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही नावे आपल्या इतिहासात नोंदविली. तो ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला, छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. पुरुषांनी ग्रंथ लिहिला हे चांगलेच झाले. पण त्याआधी कित्येक पिढ्या ते भांडे कोण झाकीत होते?

१९४८ नंतर ह्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे त्यांच्या खऱ्या यहुदीपणाबद्दलच शंका काढण्यात आली, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ती मिटवली. जी भांडी शतकानुशतके न चुकता झाकली, त्यांना पुरावा मागावा ह्याचे मला अजून नवल वाटते.

आता करून पाहणाऱ्यांसाठी. अर्धा किलो मैद्यास सुमारे ३०० मिलिलिटर पाणी पुरते. वैशाखात आपल्या अकोल्याला पीठ लवकर फुगते, तेव्हा ते सकाळी उन्हे चढण्यापूर्वीच भिजवावे. माझी पहिली खेप कांदा करपून फुकट गेली. खळगाही चांगला खोल करावा, नाहीतर भट्टीत पाव फुगून कांदा बाहेर ढकलतो. पाव त्याच दिवशी खावा, दुसऱ्या दिवशी तो चिवट होतो. काकूंनी दोन खाल्ले आणि तिसऱ्याबरोबर तिळाची चटणी मागितली.