मीठ, सोरा आणि कोबी

मीरा रोडच्या पूर्वेला पूनम सागरच्या इमारती उभ्या आहेत. त्या परिसराच्या आसपास मिठागरांची जुनी वस्ती होती, भाईंदरचे मीठ मुंबईच्या बाजारात प्रसिद्ध होते. ‘आगर’ या शब्दाशी आगरी समाजाचे नाव जोडलेले आहे, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. अशा ठिकाणी खारवलेल्या मांसाचा विचार करताना आम्हाला प्रथम आयर्लंड आठवावे, हे थोडे विचित्रच.

पण कारण आहे. इंग्लंडने 1663 आणि 1667 च्या कायद्यांनी आयरिश जनावरांची आयात रोखली. जिवंत गुरे विकता येईनात, तेव्हा कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी मांस खारवून पिपांत भरले. ब्रिटिश आरमार आणि कॅरिबियन मळे त्यावर पोसले गेले. ते मांस पिकवणारा आयरिश गरीब मात्र बटाट्यावर जगला, आणि 1845 पासूनच्या दुष्काळात बटाटाही गेला. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर त्याला ज्यू खाटकांकडे हे मांस परवडू लागले, सोबतीला स्वस्त कोबी आला. आज सेंट पॅट्रिकच्या दिवशी जे ‘परंपरागत’ म्हणून शिजते, ते मुळात स्थलांतरितांच्या घरचे जेवण.

आपल्याकडील कथा वेगळी. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत पाव, बटाटा आणि कोबी हे शब्द मराठीत रुळले. कोबी हा पोर्तुगीज ‘कोव्ह’. गोव्यातील आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती स्वयंपाकघरांत मांस व जीभ खारवण्याची रीत आहे. मांसाला सुईने टोचायचे, मीठ, सोरा आणि लिंबाचा रस चोळायचा, वर वजन ठेवायचे, रोज उलटायचे, आठवड्याने मंद आचेवर शिजवायचे. किलोभर तुकड्याला अडीच-तीन तास लागतात, कोबी शेवटची पंधरा मिनिटे. मांस शिजूनही लालसर राहते ते सोऱ्यामुळे.

1616 साली राशोलला छापले गेलेले फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण आम्ही अभ्यासक्रमात वाचतो, त्याच्या ओव्यांची मोजदाद करतो. ते ऐकणाऱ्यांच्या चुलीकडे मात्र आपली समीक्षा वळत नाही. ही उपेक्षा निरागस नाही. ज्या पदार्थाचे नाव घेताना आवाज खाली येतो, तो वाङ्मयात येणार कसा?

4 मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीची 1976 च्या कायद्याने होतीच. म्हशीचे मांस त्यातून वगळलेले आहे, म्हणून खारवायला तेच उरले. ते कमी चरबीचे, अधिक चिवट. शिजायला जास्त वेळ घेते, आणि कृती ज्या मांसासाठी ठरली होती ते हे नव्हे. आयर्लंडमध्ये गुरांविषयीच्या कायद्याने हा पदार्थ जन्माला घातला, इथे गुरांविषयीच्याच कायद्याने त्याची चव बदलली.

सोरा हल्ली किराणा दुकानात मागितला, तर दुकानदार आधी फटाक्यांसाठी का, असे विचारण्याचा संभव अधिक. मीठ मात्र अजून कुठेही मिळते. भाईंदरचेच असेल असे नाही.