ताकातला पाव

आयर्लंडमध्ये खेड्यापाड्यांत मनुके घालून एक घरगुती पाव करतात. त्यात यीस्ट नाही, अंडंही घातलंच पाहिजे असं नाही. मैदा, मीठ, खायचा सोडा, आंबट ताक आणि मूठभर मनुके. नात सध्या तिकडे शिकते, तिने फोनवर कृती सांगितली आणि मी इथे जळगावला करून पाहिली. पण मंडळी, मी पडलो इतिहासाचा मास्तर. पाव भाजून होईपर्यंत डोक्यात जे चाललं होतं ते लिहितो.

तिकडची हवा ओली, थंड. गहू मऊ जातीचा, त्यात चिकटपणा कमी. असा गहू यीस्टने नीट फुगत नाही. १८३० नंतर खायचा सोडा तिकडच्या घरांत पोचू लागला आणि ही अडचण सुटली. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटतो आणि पीठ फुगतं. आपला ढोकळा फुगतो तोच प्रकार. भट्टी बहुतेक घरांत नव्हतीच. झाकणाचं बिडाचं भांडं चुलीवर टांगायचं आणि झाकणावर निखारे ठेवायचे. जळण म्हणजे पीट, दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवलेली. आपण गोवऱ्या थापतो, ते माती कापतात. वर-खाली निखारे ठेवून भाजणं आपल्या बायकांना काही नवीन नव्हतं.

मनुके मात्र विकतचे, म्हणून सणाला किंवा पाहुणा आला की. मनुक्यांचे काळे ठिपके दिसतात म्हणून काही ठिकाणी याला चक्क 'ठिपक्यांचा कुत्रा' म्हणतात! याचाच थोरला भाऊ म्हणजे बार्मब्रॅक. तो जुन्या रीतीने बिअरच्या फेसातल्या यीस्टवर फुगवायचा. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या रात्री, त्यात अंगठी लपवतात. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचं वर्षभरात लग्न. आपल्या लग्नातला हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायचा खेळ आठवला ना?

आता आपल्याकडे या. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यात त्यांना हवं तसं यीस्ट मिळेना, तेव्हा त्यांनी माडाची सुर घालून पीठ फुगवलं. म्हणजे आयर्लंडात बिअरचा फेस, इथे माडी. पीठ आंबवायला दोघांनी दारूवाल्याचंच दार ठोठावलं. आपल्या जुन्या मंडळींना ते माहीत होतं, म्हणून पावाचा राग. शिवाय पाव पायाने तुडवतात, म्हणून त्याचं नाव पाव, अशी एक व्युत्पत्ती आम्ही लहानपणी छातीठोकपणे सांगत असू.

धुळ्याच्या आमच्या घरी, १९६० च्या आसपास, पाव यायचा तो फक्त आजारपणात, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आजी तो स्वयंपाकघरात येऊ देत नसे. आजाऱ्याने ओसरीवर बसून दुधात बुडवून खायचा आणि बशी वेगळी ठेवायची. आम्हा मुलांना त्यामुळे आजारी पडावंसं वाटे, ती गोष्ट वेगळी.

आजीच्या या रागामागे मोठा इतिहास आहे. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिच्या संस्थापकांपैकी. जातिभेद मोडायचा हा उद्देश, पण सगळा कारभार गुप्त. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा म्हणजे जातीचा राजीनामा! १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटतील या भीतीने सभाच मोडली. पुढे ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी तो जुळवून आणला आणि हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' मध्ये छापून आली. त्यात टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि दोघांनाही शेवटी प्रायश्चित्ताच्या वाटेने जावं लागलं. एका कपभर चहासाठी!

आक्षेप नुसत्या माडीवर असता तर बिस्किटांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? आक्षेप होता तो मळणाऱ्या आणि वाढणाऱ्या हातावर.

यातली गंमत बघा. आमची आजी पंढरपूरला निघाली की दशम्या बांधून घेई. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की ते सोवळ्याला चालतं, प्रवासात चारचौघांत बसून खाता येतं. म्हणजे स्वतःची सोय पाहायची असेल तेव्हा शास्त्राला पळवाट सापडत होती. पाववाल्यासाठी मात्र शंभर वर्षांत कुणाला सापडली नाही. हा आयरिश पाव तर पाण्याचा थेंब न घालता ताकात भिजवलेला. आजीशी यावर वाद घालायला मजा आली असती. "ताकात पाणी नसतं का रे?" असं म्हणून तिने मला गप्प केलं असतं हे नक्की.

असो. करून बघणार असाल तर पाव किलो मैदा (निम्मी कणीक चालते), अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे साखर. पाऊण वाटी मनुके रात्री कोऱ्या चहात भिजवून सकाळी निथळून घ्यावेत. आम्ही जळगावकर, तेव्हा मी वाळवलेल्या केळ्याचे तुकडेही घातले. दाट आंबट ताक साधारण पेलाभर, कणकेला थोडं जास्त लागतं. मळायचं अजिबात नाही, नुसतं गोळा करायचं, कारण वायू लगेच सुटू लागतो. ताक घातल्यावर फोनवर बोलत बसू नका. वर सुरीने खोल फुली मारायची. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी आणि रबर काढून, आधी दहा मिनिटं तापवावं. मग आत स्टँडवर डबा ठेवून मंद आचेवर पाऊण तास. बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे.

कुकरमध्ये वरून रंग फिका येतो, त्याला इलाज नाही. दुसऱ्या दिवशी पाव कडक होतो. तेव्हा काप करून तव्यावर लोण्यात परतावेत, बरोबर चहा घ्यावा.