निर्जनतेचा इतिहास : स्कॉटलंडचा उत्तर किनारा

१/ स्कॉटलंडमधील इनव्हर्नेस येथे कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यावी, उत्तर किनाऱ्याला वळसा घालावा आणि पुन्हा तेथेच परतावे, ही सहल आज जगभरच्या प्रवाशांना खुणावते. २०१५ मध्ये 'नॉर्थ कोस्ट ५००' असे नाव लाभलेला हा मार्ग सुमारे ८३० किलोमीटरांचा आहे.

२/ वाटेत डोंगर, दऱ्या, मेंढ्या दिसतात, माणूस क्वचितच. ही निर्जनता निसर्गदत्त वाटते. वस्तुतः ती बऱ्याच अंशी मानवनिर्मित आहे.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सदरलंडच्या जहागिरीने अंतर्भागातील खोऱ्यांतून गेलिक भाषक कुळांना हुसकावून लावले. कारण आर्थिक होते : कुळांपेक्षा मेंढीपालनाचे मोठे ठेकेदार अधिक खंड देत.

४/ १८१४ मध्ये जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याने स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील घरे रिकामी करविली. लोक परतू नयेत म्हणून छपरांची लाकडे जाळण्यात आली. ती जमीन मेंढ्यांसाठी खंडाने घेणारा सेलरच होता! १८१६ मध्ये इनव्हर्नेस येथेच त्याच्यावर खटला चालला. तो निर्दोष सुटला.

५/ विस्थापितांना किनाऱ्यावरील जमिनीचे तुकडे मिळाले. कित्येक जण कॅनडाला गेले. १८८६ च्या कायद्याने उरलेल्या कुळांना संरक्षण दिले, पण रिकामी झालेली खोरी पुन्हा पूर्वीसारखी गजबजली नाहीत.

६/ म्हणून बेटीहिल गावापाशी किनारा सोडून गाडी नेव्हर नदीकाठाने आत वळवावी. रोझल येथे गवतातून घरांचे दगडी पाये अजून डोकावतात. ते पाहिल्यावाचून ही सहल अपुरीच.