म्हाइंभटांचा बॅकअप

मागच्या शनिवारी माहूरला गेलो होतो. आमची कुलदेवता रेणुका, त्यामुळे गडाची वाट लहानपणापासून पायाखालची. या वेळी देवदेवेश्वरीलाही गेलो. महानुभाव पंथ हे दत्तात्रेय प्रभूंचं निद्रास्थान मानतो. काळ्या कपड्यातली साधू मंडळी पाहिली आणि म्हाइंभट आठवले.

शाळेत 'लीळाचरित्र, मराठीतला आद्य गद्य ग्रंथ, म्हाइंभट' एवढं पाठ केलं, मार्क मिळवले, विषय संपला. पण या माणसानं केलं काय, ते बघा. नगरकडच्या सराळ्याचा हा विद्वान चक्रधरस्वामींशी वाद घालायला गेला आणि त्यांचा शिष्य झाला. स्वामी गेल्यावर रिद्धपूरला नागदेवाचार्यांकडून आठवणी ऐकल्या, आणि मग त्या त्या प्रसंगाला हजर असलेल्या माणसांना गाठून पुन्हा विचारलं. १२७८ च्या सुमारास ग्रंथ तयार झाला.

आणि मग तो हरवला! खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं पंथाची परंपरा सांगते. बॅकअप कुठे? माणसांच्या डोक्यात. हिराइसा नावाच्या बाईंना ग्रंथ पाठ होता म्हणे. इतरांनीही आपापल्या आठवणीतून तो पुन्हा उभा केला, त्यामुळे पाठ अनेक झाले. आमच्याकडे असे दोन व्हर्जन आले की आम्ही एक ठेवून दुसरं उडवतो. या लोकांनी तसं केलं नाही. एखादी गोष्ट कोणी वेगळी सांगितली असेल तर पोथीत तेही नोंदलेलं सापडतं, कित्येकदा सांगणाऱ्याच्या नावासकट.

हे मला लागलं, कारण आमची आजी दोन वर्षांपूर्वी गेली. १९४८ साली रझाकारांच्या भीतीनं ती पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली होती. मी ते शंभरदा ऐकलं, पण खिशात फोन असून एकदाही रेकॉर्ड केलं नाही. आता मामा म्हणतो, रात्री नावेतून गेले. मावशी म्हणते, कसली नाव, पाणी गुडघाभर होतं, बैलगाडीतून गेले. रविवारी जेवताना दोघांचं चांगलंच वाजलं.

येताना बसमध्ये दोन्ही गोष्टी वहीत उतरवल्या, वर मामा-मावशीची नावं घातली. आजीची शेजारीण अजून आहे, ऐकायला जरा कमी येतं. पुढच्या शनिवारी तिच्याकडे जातोय.