चित्र झालेले पान

मुलुंड आणि बोरिवली अशा उपनगरांच्या दोन टोकांना आम्ही दोघे मराठी शिकवतो. दोन्हीकडे स्टेशनाबाहेर डीटीपीची दुकाने होती, आणि आमची निम्मी टिपणे तेथेच टाइप झाली. दुकानातून आणलेली फाइल महाविद्यालयातल्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडलेला दिसे. त्या काळच्या बहुतेक फॉन्टांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असे, आणि प्रत्येक कंपनीची बैठक निराळी. दुकानदाराजवळ तोडगा तयार असे : "सर, पानांची जेपीजी करून देतो, कुठेही उघडेल." आज तेच काम विद्यार्थी मोबाइलवर करतात. एखाद्या संकेतस्थळावर पीडीएफ चढवायची, पानागणिक एक चित्र उतरवून घ्यायचे आणि वर्गातल्या सर्वांना पाठवायचे.

हा तोडगा संगणकयुगाचा वाटतो. पण अक्षरे जुळवणे अवघड झाले की अख्ख्या पानाचेच चित्र करायचे, ही तडजोड मराठीने यापूर्वीही केली आहे.

१८०५ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. इकडे मिरजेत भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर पाने कोरून. या कामाची कल्पना नाना फडणीसांच्या काळात पुण्यात निघाली होती आणि नानांच्या मृत्यूनंतर ते मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने तडीस गेले. एकीकडे सुटे अक्षर, जे पान छापून झाल्यावर मोकळे होऊन दुसऱ्या पानात बसते. दुसरीकडे अखंड पान, जे त्या एका पानापलीकडे कशाच्याच उपयोगी नाही. मराठी मुद्रणाचे दोन्ही मार्ग असे एकाच वर्षी दिसतात.

पुढे शिळाछाप आला. आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधलेले हे तंत्र मुंबईत १८२० नंतरच्या दशकात रुळले. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा, दगड ओला करायचा आणि त्यावरून छापाची शाई फिरवायची. पाणी जेथे धरते तेथे शाई बसत नाही, अक्षरांवर मात्र बसते. जोडाक्षरे, वेलांट्या, मात्रा यांसाठी शेकडो खिळे पाडण्याचा खर्च यात नव्हता. चांगला लेखनिक मिळाला की झाले. पोथीचे वळणही जसेच्या तसे राखता येई, म्हणून वाचकालाही ते पान परके वाटत नसे. शिळाछापाला कमअस्सल म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

पण गणपत कृष्णाजींची गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या या माणसाने स्वतःचा शिळाछापखाना उभारला आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात त्यांची आवर्जून दखल घेतली आहे. शिळेवर उत्तम चाललेला धंदा असताना गणपत कृष्णाजी तेथे थांबले नाहीत, त्यांनी खिळेही पाडले. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. चित्राने दिलेल्या सवडीत या माणसांनी अक्षर घडवले.

आपण त्या सवडीचे काय केले? २००० नंतरच्या दशकात 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ने जुनी मराठी पुस्तके मोठ्या प्रमाणावर स्कॅन केली. पानागणिक एक टिफ चित्र, आणि पुस्तकाचे नाव रोमन लिपीत, तेही अनेकदा चुकीच्या वर्णांत. ते संकेतस्थळ पुढे बंद झाले. पुष्कळशा प्रती आज इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. पुस्तके वाचली, हे ऋण मोठेच. पण त्यांत शब्द शोधू गेल्यास बहुधा हाती काही लागत नाही. याउलट शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थच्या कोशाची अक्षरे भरून घेतली, म्हणून १८५७ च्या त्या आवृत्तीतला कोणताही शब्द आज क्षणात समोर येतो.

यावर कोणी म्हणेल, मग चित्रे टाकून सरळ टाइपच करा. तसे केल्यास दुसरे नुकसान होते. 'घरीं', 'तें', 'त्यांनीं' यांवरचा अनुस्वार १९६२ च्या नियमांनंतर गेला. जुना मजकूर टाइप करणारा नकळत तो गाळतो, आणि त्याबरोबर विभक्तीची आणि लिंगाची खूणही जाते. मूळ पानाचे चित्र हाच तेथे पुरावा. पण चित्रही नीट हवे. जेपीजी ही छायाचित्रांसाठी बेतलेली पद्धत. ती चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून बारीक तपशील वगळते, आणि जुन्या पानावरचा सर्वांत बारीक तपशील म्हणजे अनुस्वारच. घाईने केलेल्या चित्रात तो ठिपका आहे की कागदावरचा डाग, हे सांगता येत नाही. इंचाला तीनशे बिंदू आणि पीएनजी किंवा टिफ, एवढे पथ्य संशोधकाने तरी पाळावे.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या एम.ए.च्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी होती. तिचा संगणक मजकूर वाचून दाखवी. आम्ही मोठ्या हौसेने पाठवलेल्या एकोणिसाव्या शतकातील निबंधाच्या चौदा पानांवर तो फक्त 'चित्र, चित्र' एवढेच म्हणत राहिला. वर्गातल्या चौघांनी ती पाने वाटून घेतली आणि चित्र समोर ठेवून, अनुस्वारासकट, युनिकोडमध्ये उतरवली. आठवडा लागला. मराठी विकिस्रोतावर याच रीतीने पानाचे चित्र आणि त्याचा मजकूर शेजारीशेजारी ठेवून काम चालते.

आता आम्ही दोघे दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला दहा पाने देतो. संख्या लहान आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण ही पाने ऐकता येतात, आणि त्यांत शब्द शोधला तर सापडतो.