बापू कुटी, सेवाग्राम

वर्धा शहरापासून सुमारे 8 किमी.वरील सेवाग्राम आश्रमातील महात्मा गांधींचे निवासस्थान. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी येथे आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. संत गजानन महाराजांच्या शेगावशी घोळ होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून 1940 मध्ये ‘सेवाग्राम’ हे नाव रूढ झाले. प्रारंभी गांधीजी व सहकारी ‘आदी निवास’ या एकाच वास्तूत राहत. त्यांच्या शिष्या मीराबेनसाठी बांधलेली शेजारची झोपडी पुढे गांधीजींच्या वापरात आली. तीच बापू कुटी.

माती, बांबू व कवेलू एवढ्यावर ती उभी आहे. मातीच्या भिंतींवर मीराबेनने उठावात काढलेली ताडाची झाडे आणि चरखा अजून दिसतात. आत बैठक, डेस्क व रोजच्या मोजक्या वस्तू आहेत. साप न मारता दूर सोडण्यासाठी वापरलेला पिंजरा जवळच पाहायला मिळतो. व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोनही आश्रमात आहे. या साधेपणात तोच काय तो परका वाटतो. कस्तुरबांची बा कुटी, आखरी निवास आणि कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींची कुटी याच परिसरात आहेत. पाहुण्याने पादत्राणे बाहेर काढून सारवलेल्या जमिनीवर बसावे. उभ्याने कुटी नीट दिसत नाही. विचारवंत इव्हान इलिच 1978 मध्ये येथे आले, तेव्हा याच झोपडीवर बोलले. गांधीजींनी ऑगस्ट 1946 मध्ये सेवाग्राम सोडले. त्यानंतर ते परतले नाहीत.