पुड्यामागची चौकट

बिस्किटाचा पुडा उलटा केला की मागे बारीक अक्षरांची एक चौकट दिसते. समजा, तीत १०० ग्रॅममागे प्रथिने ७ ग्रॅम, कर्बोदके ७५ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ १४ ग्रॅम लिहिले आहेत. प्रथिनांना आणि कर्बोदकांना चाराने गुणा, स्निग्ध पदार्थांना नवाने. २८, ३०० आणि १२६, बेरीज ४५४. चौकटीत ऊर्जेच्या ओळीत किलोकॅलरीचा आकडा याच्याच आसपास सापडतो. बहुतेक वेळा तो अशा गुणाकारातूनच आलेला असतो, आणि त्यातले चार-नऊ-चार हे गुणक सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका तळघरात ठरले.

कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन गावी वेस्लियन विद्यापीठ आहे. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्बर ॲटवॉटर यांना एका प्रश्नाने घेरले होते: मजुराच्या तुटपुंज्या पगारात सर्वांत जास्त पोषण कशातून मिळेल? उत्तरासाठी त्यांनी १८९०च्या दशकात एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर एक बंदिस्त खोली उभारली. आतून तांब्याची, बाहेरून जस्ताची, जेमतेम एक खाट आणि खुर्ची-टेबल मावेल एवढी. तीत माणूस काही दिवस मुक्कामाला असायचा. जेवण दुहेरी झडपेतून आत जायचे, मलमूत्र त्याच वाटेने बाहेर यायचे आणि दोन्हींचे पृथक्करण व्हायचे. आत फिरवलेल्या नळ्यांतून थंड पाणी वाहायचे. ते किती तापले यावरून त्या माणसाच्या अंगातून निघालेली उष्णता कळायची. कधी तो वाचत बसे, कधी एका जागी बसवलेली सायकल मारत राही. खाल्लेले, टाकलेले आणि उष्णतेच्या रूपाने निघालेले यांचा हिशेब जुळला. आगीत पदार्थ जाळताना लागू असणारा ऊर्जेचा नियम जिवंत माणसालाही लागू होतो, हे त्या खोलीने दाखवले.

यातली खुबी प्रथिनांत आहे. उपकरणात जाळले तर ग्रॅमभर प्रथिनातून साडेपाचहून अधिक किलोकॅलरी निघतात. शरीर मात्र त्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकते आणि त्याबरोबर थोडी ऊर्जाही जाते. थोडे प्रथिन पचतही नाही. ही वजाबाकी करून ॲटवॉटरांनी चार हा आकडा धरला. मिश्र आहाराची ती सरासरी आहे, प्रत्येक पदार्थाची नव्हे. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली अख्खे बदाम माणसांना खाऊ घालून मोजले, तेव्हा शरीराला मिळालेली ऊर्जा हिशेबातल्या आकड्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी भरली.

ॲटवॉटरांच्या काळात जीवनसत्त्वांचा शोध लागलेला नव्हता. त्यामुळे भाजी आणि फळे त्यांना पैशाच्या मानाने महागडी वाटली, आणि त्यांवर कमी खर्च करा, असे ते सांगत. ज्यांच्या कळवळ्यापोटी सगळा खटाटोप केला, त्याच गरिबांना दिलेला त्यांचा हा सल्ला चुकीचा ठरला. केवळ कॅलरी बघून अन्न निवडणाऱ्याने हे विसरू नये.

हे आकडे पुड्यावर यायला पुढे बराच काळ गेला. १९६९ साली व्हाइट हाउसने भूक आणि पोषण यांवर परिषद भरवली. १९७३मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केले. पण जो उत्पादक पदार्थात पोषकद्रव्ये घालेल किंवा पोषणाचा दावा करेल, त्याच्यावरच सक्ती होती. बाकीच्यांच्या मर्जीवर सोडले होते. सर्वांना बांधणारा कायदा १९९०मध्ये झाला, आणि खरी लढाई त्यानंतर जुंपली. टक्केवारी काढायला रोजचा आहार किती कॅलरींचा धरायचा? अन्न व औषध प्रशासन २,०००वर ठाम होते. कृषी खात्याला मोठा आकडा हवा होता. कारण साधे होते. २,००० धरले तर दिवसाची स्निग्धांची मर्यादा ६५ ग्रॅम, २,५०० धरले तर ८०. म्हणजे १३ ग्रॅम स्निग्धांचा तोच घास एकीकडे २० टक्के दिसतो, दुसरीकडे १६. मांस विकणाऱ्यांना हा फरक नेमका कळत होता. वाद थेट राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांच्यापर्यंत गेला आणि १९९२च्या डिसेंबरात त्यांनी २,०००च्या बाजूने कौल दिला.

चौकटीची मांडणी बर्की बेल्सर या आरेखनकाराची. ठळक हेल्व्हेटिका अक्षरे, जाड-बारीक आडव्या रेघा आणि भोवती काळी कड. ती कड मला सर्वांत मोलाची वाटते, कारण जाहिरातीच्या मजकुराला तिच्या आत पाऊल टाकता येत नाही. १९९४पासून ही चौकट अमेरिकेत सर्वत्र दिसू लागली. ट्रान्स फॅटची ओळ २००६मध्ये आली. वरून घातलेल्या साखरेची ओळ २०१६च्या नियमात आली आणि उद्योगांच्या कडव्या विरोधाला तोंड देऊन टिकली.

भारतात ही माहिती सक्तीची झाली ती जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत २००८ साली केलेल्या दुरुस्तीने. २०२०च्या लेबल नियमांनी वरून घातलेल्या साखरेची ओळ आणि रोजच्या गरजेची टक्केवारी आणली. इथेही हिशेब २,००० किलोकॅलरींचाच: दिवसाला स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २,००० मिलिग्रॅम.

आताचा झगडा पुड्याच्या दर्शनी बाजूसाठी आहे. साखर, मीठ, संपृक्त स्निग्ध पदार्थ जास्त असतील तर चिली देशात २०१६पासून समोरच काळा अष्टकोन छापावा लागतो. आपल्याकडे २०२२च्या मसुद्यात ताऱ्यांची श्रेणी सुचवली गेली. त्या हिशेबात सुकामेवा, डाळी किंवा तंतू यांचे गुण मिळाले की साखरेचे दोष काही अंशी वजा होतात. मला अष्टकोन पटतो. बदामाचे तुकडे घातले म्हणून बिस्किटातली साखर ग्रॅमभरही कमी होत नाही, आणि दुकानात पोराचा हात धरून उभ्या असलेल्या आईला मागची बारीक अक्षरे वाचायला सवड नसते.